काजवे आणि शिवलेला खिसा

ताटली लख्ख होती. एक ठिपका नाही, एक डाग नाही, नुकत्याच पुसलेल्या आरशासारखी. तिने ती उजेडाकडे धरली, उलटी केली, तिरकी केली, आणि मग जंतूंच्या प्रयोगशाळेच्या भर मध्यभागी, अंगात पांढरा कोट, हातांत मोजे, डोळ्यांवर मोठा चष्मा अशा सगळ्या जामानिम्यानिशी ती हमसून हमसून रडायला लागली.

“मेले!” ती म्हणाली. “सगळेच्या सगळे मेले हो!”

शेजारच्या टेबलावरच्या बुरशीवाल्याने मान वर केली. हा तिचा सहकारी. त्याच्या ताटल्यांत हिरवी, काळी, केसाळ अशी नाना तऱ्हेची बुरशी वाढायची आणि लोक गुलाबाच्या वाफ्याकडे बघतात तसा तो तिच्याकडे बघत बसायचा.

“जंतू मारायलाच घेतले होतेस आणि ते मेले,” तो म्हणाला. “यात गळा काढण्यासारखं काय आहे, साबणवडी?”

साबणवडी हे तिचं प्रयोगशाळेतलं नाव. बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यापासून ती इतक्या वेळा हात धुवायची, की साबण झिजतो की ही, यावर लोक पैजा लावायचे.

“अरे, ही ती ताटली नाहीये!” ती नाक ओढत म्हणाली. “ही साधी ताटली आहे. यांना जगायचं होतं!”

तर त्याचं असं होतं. ती बनवायची कार्बनचे कण. सायट्रिक ॲसिड आणि युरिया पाण्यात विरघळवून ते मिश्रण तापवलं, की साखर करपावी तसा तपकिरी पाक होतो. तो गरगर फिरवून, गाळून, पुन्हा गाळून जे उरतं त्यात कोळशाचे इतके बारीक कण असतात, की केसाच्या जाडीवर त्यांची आख्खी वरात ओळीने उभी राहील आणि तरी मागच्या पाहुण्यांना जागा उरेल. दिसायला नुसतं कोऱ्या चहासारखं पाणी. पण जांभळा टॉर्च मारला की तेच पाणी निळंभोर चमकतं. म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्या कणांना काजवे म्हणायचे. या काजव्यांवर निळा उजेड पाडला, की ते आजूबाजूच्या प्राणवायूला असे काही चिडवतात, की तो बिचाऱ्या जंतूंच्या अंगावर धावून जातो आणि त्यांची कातडी फाडतो. औषधांना पुरून उरलेले निबर जंतूसुद्धा यात गारद होतात, असं तिचं म्हणणं होतं.

म्हणणं सिद्ध करायला ताटल्या लागतात दोन. एकीत काजवे पाजलेले जंतू, दुसरीत नुसतं मिठाचं स्वच्छ पाणी पाजलेले. दोघांवर उजेड सारखाच. रात्रभर उबेत ठेवायचं. काजव्यांची ताटली रिकामी आणि साध्या पाण्याची जंतूंनी गच्च भरलेली निघाली, तर काजव्यांनी काम केलं. दोन्ही रिकाम्या निघाल्या, तर कोणी काय केलं हे देव जाणे.

आणि दोन्ही रिकाम्या निघत होत्या. याही वेळी.

मॅडम आल्या. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. शब्द जपून वापरायच्या, पण एकेक असा वापरायच्या की तो पुढे आठवडाभर पुरायचा.

“दोन्ही लख्ख?”

“दोन्ही.”

“साध्या पाण्यानेही जंतू मरत असतील, तर तुझ्या काजव्यांचं काय काम? वॉर्डात पाणीच शिंपडू की.”

तिने ताटलीवर झाकण ठेवलं.

“शुक्रवारी जळितांच्या वॉर्डाचे डॉक्टर येताहेत,” मॅडम म्हणाल्या. “त्यांना जखमेवरच्या पट्टीसाठी काहीतरी नवं हवंय. तुझी साधी ताटली भरलेली दिसली, तर पट्टीचं काम सुरू. नाही दिसली, तर हे टेबल याला देऊन टाकते. किती दिवस मागतोय तो.”

बुरशीवाल्याने आनंद न दाखवण्याचा इतका प्रयत्न केला की त्याचे कान लाल झाले. त्याच्या बुरशीला खरोखरच जागा पुरत नव्हती.

तिला टेबलाचं एवढं नव्हतं. तिला आठवायचा तो पहिला आठवडा. बाळाची नाळ नुकतीच गळून पडली होती आणि बेंबीभोवती लाल कडं आलं होतं. एक औषध दिलं, कडं मोठं झालं. दुसरं दिलं, तरी ते मोठंच होत गेलं. तिसऱ्याने उतरलं. बाळ आता अकरा महिन्यांचं, गुबगुबीत, मिशी तेवढी नाही म्हणून बोका नव्हे, तरी सगळे त्याला बोकाच म्हणायचे. पण तिच्या मनातून ते कडं काही जात नव्हतं. तिसऱ्या औषधानेही ते उतरलं नसतं तर? त्या ‘तर’साठी तिने रजा संपताच हे काम मागून घेतलं होतं. आणि आता ते काम एका लख्ख ताटलीवर आपटत होतं.

डोळे पुसून, हात धुऊन, पुन्हा हात धुऊन ती विचार करायला लागली. साध्या ताटलीतले जंतू मेले. म्हणजे तिथे मारणारं काहीतरी पोचलं. या खोलीत मारणारं कोण? काजवे. म्हणजे काजवे सांडलेत! माझ्या हातून सांडलेत, मोज्यांवर, टेबलावर, बाटलीवर… आणि मी रोज घरी जाते… आणि बोका सगळं चाटतो!

ती ताडकन उठली आणि ड्रॉवरमधला छोटा जांभळा टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरली.

“काही हरवलं का?” बुरशीवाल्याने विचारलं.

“हरवलं नाही, जास्त सापडायला नको आहे!” टेबलाखालून उत्तर आलं.

टेबलावर काही नव्हतं. मिठाच्या पाण्याच्या बाटलीवर टॉर्च मारला, बाटली आपली आंधळीच. मोजे आंधळे, उबेचं कपाट आंधळं. चमकला फक्त बुरशीवाल्याचा शर्ट, तोही पांढऱ्या कपड्यांच्या साबणामुळे. तो सद्गदित होऊन म्हणाला, “म्हणजे मी धुतो बरं का कपडे. तुम्हा लोकांना उगाच शंका.”

मग उरलं घर.

संध्याकाळी तिने दार उघडलं ते थेट फर्मान सोडतच. “कोणी कशाला हात लावू नका! बोक्याला न्हाणीघरात आणा! पडदे लावा!”

सासूबाई सोफ्यावर बसून बोक्याला पुस्तक वाचून दाखवत होत्या, म्हणजे बोका पुस्तक खात होता आणि सासूबाई उरलेलं वाचत होत्या. आयुष्यभर त्यांनी ग्रंथालयात ‘शांतता राखा’च्या पाटीखाली नोकरी केली होती आणि निवृत्त झाल्यापासून त्या सगळी थकबाकी हसून वसूल करत होत्या.

“काय झालं गं? भूत बित आणलंस का बरोबर?”

“अहो आई, काजवे! माझ्या अंगावरून घरात आले असतील तर? हा सगळं तोंडात घालतो!”

“विषारी आहेत का पण?”

“नसावेत. पेशींवर तपासलेत. पण नसावेत म्हणजे काय, आई? नसावेत हे काय आईने म्हणायचं असतं का?”

नवरा आतल्या खोलीतून आला. तो दंतवैद्यांसाठी कवळ्या आणि दात घडवायचा. एका हातात मेणाचा जबडा, कानामागे ब्रश. “पुन्हा काय उकळायचं आहे?” त्याने सवयीने विचारलं. या घरात बाळाच्या बाटल्या उकळत, खेळणी उकळत, आणि एकदा चुकून त्याचं चष्म्याचं घरही उकळलं गेलं होतं.

“काही उकळायचं नाही. बघायचं आहे. चल.”

चौघं न्हाणीघरात मावली ती कशी, हे त्यांचं त्यांना ठाऊक. दिवा बंद. नवऱ्याने बोक्याला असं धरलं की तोंड त्याच्या खांद्याकडे, कारण टॉर्च बाळाच्या डोळ्यांवर पडता कामा नये, हे तिने दारातच पुन्हापुन्हा बजावलं होतं. टॉर्च लागला.

“अगं बाई!” सासूबाई ओरडल्या.

बोक्याचं बनियन पेटल्यासारखं निळं झालं होतं. मग टॉवेल निळा झाला. मग कोपऱ्यातला कागदाचा रोल चंद्रासारखा उजळला. मग नवऱ्याचे मोजे.

“साबण,” ती पुटपुटली. “सगळा साबण आहे. पांढरं करायच्या साबणात असतं ते. थांबा. खांद्यावरून जरा हनुवटी दाखव त्याची. डोळे झाक हाताने.”

बोक्याची हनुवटी चमकत होती. नुसती चमकत नव्हती, तिच्यावरून चमक ओघळत होती, छातीपर्यंत.

ती दाराकडे वळली. “खाल्ले! याने काजवे खाल्ले! अरे, दवाखाना, गाडीची किल्ली…”

“थांब, थांब,” नवरा म्हणाला. “तुझे काजवे कोणत्या रंगाचे?”

“निळे!”

“मग हा पोपटी का चमकतोय?”

सगळे वाकून बघायला लागले. खरंच, हिरवट पिवळं. तिने डोकं खाजवलं आणि एकदम भिंतीला टेकली. “थेंब! जीवनसत्त्वाचे थेंब! ब जीवनसत्त्व असंच चमकतं. आई, तुम्ही आत्ता दिलेत ना?”

“दिले की. निम्मे त्याने माझ्यावर थुंकले,” असं म्हणून सासूबाईंनी बाही पुढे केली. बाही पोपटी चमकली आणि सासूबाईंना हसू फुटलं. त्या हसल्या, तोंड उघडलं, आणि टॉर्च नेमका तिथे वळला.

अंधारात दातांची एक झगझगीत कमान उभी राहिली. आणि कमानीत अगदी समोर एक काळंकुट्ट भोक.

टॉर्च तिथेच खिळला.

“आई,” ती हळूच म्हणाली, “तुमचा एक दात विझलाय.”

सासूबाईंनी आरशात पाहिलं. दिवा लावला: दात जागच्या जागी. दिवा मालवला: दात गायब. पुन्हा लावला, पुन्हा मालवला. मग त्या मुलाकडे वळल्या. तो बोक्याला घेऊन दारातून सटकायच्या बेतात होता.

“इकडे ये रे, कारागिरा. हा दात कोणाचा आहे?”

“तुझाच आहे, आई.”

“बाकीचे चमकतात, हा का नाही चमकत?”

“तो मागे तुटला होता ना बदाम फोडताना… तेव्हा मी जरा… दुसऱ्या डब्यातला लावला. उजेडात कळत नाही!”

“सख्ख्या आईच्या तोंडात उरलासुरला दात! ऐकलंस गं सूनबाई? लोकांच्या आयांना अखंड कवळी आणि मला ठिगळ!”

“अगं आई, जांभळ्या टॉर्चने तुझं तोंड कोण बघणार आहे?”

“आत्ता बघितलं ना!”

आणि मग जे हसणं सुटलं, ते काही केल्या थांबेना. नवरा टबाच्या काठावर बसला, सासूबाई कवळी हातात घेऊन हसायला लागल्या, बोका सगळ्यांकडे बघून किंचाळत टाळ्या पिटायला लागला. ती हसता हसता रडली, रडता रडता हसली. काजवे घरात नव्हते. बोका पोपटी होता. पण मग, हसू ओसरल्यावर तिला आठवलं, ते जंतू मारले कोणी?

बुधवारची सकाळ नेहमीसारखी उजाडली, म्हणजे बोक्याने एक मोजा खिडकीबाहेर टाकून. ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. डोक्यात ताटल्या, डोळ्यांत झोप. हात आपापली कामं करत होते. एका हाताने तिने चहा गाळला, नवऱ्याच्या रुंद तोंडाच्या थर्मासात ओतला, झाकण लावलं आणि पुढे सरकवला. बोक्याच्या दुधाची बाटली धुऊन पाण्यात बुडवली. आणि डोक्यात तेच चक्र: पाणी स्वच्छ, मीठ स्वच्छ, बाटली स्वच्छ, मग मेले कशाने?

नवऱ्याने थर्मास उघडला, एक मोठा घोट घेतला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असे काही भाव आले की सासूबाई म्हणाल्या, “काय रे, दात दुखतोय का? दुसऱ्या डब्यातला देऊ?”

तो धावत बेसिनपाशी गेला आणि सगळं थुंकून आला. “हा चहा आहे? का पोहण्याच्या तलावात पुडी बुडवली आहेस?”

“म्हणजे?”

“क्लोरीन! कपात घेऊन बघ. वासाने नाकातले केस जळले माझे.”

तिने थर्मास नाकाला लावला. वास कळेना. तिला तो वास हल्ली कळतच नसे, तिला स्वतःलाच तसा वास यायचा. मग सासूबाईंनी हुंगलं. “हो गं. हा तर तुझा वास. तू कामावरून येतेस ना, तेव्हा दार उघडायच्या आधी जिन्यात हाच वास पोचतो.”

तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात कुर्त्याच्या खिशात होता. हात खिशात का होता? तिने तो सावकाश बाहेर काढला. चिमटीत गोळ्यांची पट्टी होती, बाळाच्या बाटल्या निर्जंतुक करायच्या त्या पांढऱ्या गोळ्यांची. एक घर नुकतंच फोडलेलं.

कामावर ती दुपारी बोक्यासाठी दूध काढायची. त्यासाठी पंपाची एक रुंद तोंडाची बाटली होती. रोज सकाळी, मोजे घालण्याआधी, धुण्याच्या सिंकपाशी ती ती बाटली पाण्याने भरायची आणि तिच्यात गोळी टाकायची. आणि तिथेच, अगदी शेजारी शेजारी, मिठाच्या पाण्याची तिची रोजची बाटली भरायची. तीही रुंद तोंडाची.

हाताला काय कळतंय, कोणती बाटली कोणाची. रुंद तोंड दिसलं की हात खिशात जात होता, अंगठा पट्टीवर दाबत होता, आणि गोळी टुबुक.

“मी!” ती ओरडली. पट्टी उंच धरून ती स्वयंपाकघरात गोल गोल फिरली. “मीच! मीच मारले सगळे! माझ्या या हातांनी!”

सासूबाईंनी बोक्याला पोटाशी धरलं. “कोणाला गं मारलंस?”

“साध्या ताटलीतल्यांना! काजव्यांचा काही दोष नाही! काजवे निर्दोष आहेत!” आणि तिने नवऱ्याचे दोन्ही गाल धरून त्याच्या क्लोरीनच्या तोंडाचा मुका घेतला.

“अगं, मला निदान चूळ तर भरू दे!”

पण आनंदाचा भर ओसरायच्या आत तिला घाम फुटला. तिने शपथ घ्यायची ठरवली तरी हात थोडेच शपथ ऐकणार होते? ते तर तिला न विचारता खिशात जात होते. गोळ्या घरी ठेवाव्यात, तर पंपाच्या बाटलीचं काय? आणि शुक्रवार तर असा येऊन ठेपलेला. पुन्हा एकदा टुबुक झालं, की टेबल बुरशीचं.

“एवढंच ना?” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बोक्याला मुलाच्या हातात दिलं, शिवणाचा डबा काढला आणि सुईत दोरा ओवला. “उभी राहा इथे. हलू नकोस.”

“आई, काय करताय?”

“खिसा शिवते. हात गेला की अडेल. अडला की तुला कळेल.”

“पण गोळ्या?”

“त्या चिमुकल्या डबीत घाल आणि डबी त्या तुझ्या बुरशीवाल्याकडे दे. लागेल तेव्हा मागून घे. मागायला तोंड उघडावं लागतं ना, तोंड उघडलं की माणूस जागं होतं. मी ग्रंथालयात दुर्मीळ पुस्तकं अशीच सांभाळली. कुलूप नाही लावलं, फक्त माझ्याकडे मागायला लावलं.”

त्यांनी उजवा खिसा शिवला. मग थोडा विचार करून डावाही शिवला, आणि कामावर घालायच्या बाकीच्या कुर्त्यांचेही. “हात हुशार असतात,” त्या म्हणाल्या.

प्रयोगशाळेत बुरशीवाल्याने डबी घेतली आणि सगळं ऐकून तो खुर्चीवरून घसरेपर्यंत हसला. मग गंभीर झाला. “म्हणजे तुझं चुकलं नसतं तर टेबल माझं व्हायची गोष्टच निघाली नसती. आणि तू आत्ता हे मला का सांगितलंस? गोळी मीच टाकली बाटलीत, तर?”

“टाकशील?”

त्याने आपल्या केसाळ हिरव्या ताटल्यांकडे पाहिलं. “माझ्यासमोर कोणी जिवंत वाढणाऱ्या गोष्टीत क्लोरीन टाकलं, तर मी त्याला या कपाटात कोंडीन,” तो म्हणाला. “तू बाटली भरशील तेव्हा मी समोर उभा राहतो.”

तिने मॅडमनाही सांगितलं, तेही धावत जाऊन, दार न वाजवता. मॅडमनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “नवऱ्याला काही झालं नाही ना?”

“नाही. फक्त चहावरचा विश्वास उडालाय.”

“मग शुक्रवारी भेटू,” मॅडम म्हणाल्या. पण दार लागल्यावर आतून एक विचित्र आवाज आला. मॅडमना हसताना कोणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे तो हसण्याचा होता की फाइल पडण्याचा, हे कोणालाच ठरवता आलं नाही.

आधी ताजे जंतू वाढवावे लागले. गुरुवारी प्रयोग मांडला. सिंकपाशी दोन रुंद तोंडाच्या बाटल्या शेजारी शेजारी, समोर बुरशीवाला हाताची घडी घालून. तिने पहिली भरली. उजवा हात खाली गेला आणि शिवणीवर थडकला.

“अं हं,” बुरशीवाला म्हणाला.

डावा हात खाली गेला. थडकला.

“बघ,” ती म्हणाली, “सासू माझी ग्रेट आहे.”

काजवे एकात, मिठाचं पाणी दुसऱ्यात. दोघांवर निळा उजेड. मग ताटल्यांवर पसरवून, झाकणं लावून, उबेच्या कपाटात. दार लावण्याआधी ती साध्या ताटलीकडे वाकली. आयुष्यभर जिने जंतूंचं नाव काढलं की दाराची कडी कोपराने उघडली, ती बाई कुजबुजत म्हणाली, “जगा रे बाबांनो. उबेत आहात, भरपूर खायला आहे. पोटभर खा. मोठे व्हा. एकाचे लाख व्हा. मला तोंडघशी पाडू नका.”

“अंगाई पण म्हण,” मागून बुरशीवाला.

“तू तुझ्या बुरशीला काय म्हणतोस, ते मी ऐकलंय,” ती म्हणाली, आणि त्याचे कान पुन्हा लाल झाले.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर आले. उंच, वाकलेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. वॉर्डातून थेट आलेले, बुटांवर अजून निळी प्लास्टिकची वेष्टणं तशीच. त्यांना चहा विचारला तर ते घाईने नको म्हणाले. ती कथा त्यांच्यापर्यंत पोचली होती की काय, कोण जाणे.

मॅडमनी कपाटाकडे बोट केलं. तिने दार उघडलं. आधी काजव्यांची ताटली काढली, टेबलावर ठेवली. लख्ख. आरशासारखी.

डॉक्टरांनी नुसती मान हलवली. “रिकाम्या ताटल्या मला सगळेच दाखवतात,” ते म्हणाले. “माझ्याकडे एक बाई आहे, स्टोव्हच्या भडक्यात हात भाजलेत. जखम भरतच नाही. जंतूंचा चिकट थर बसलाय आणि एकही औषध त्याला ओरखडा काढत नाही. तिच्यासाठी मी रिकामी ताटली बघायला नाही आलो. दुसरी दाखवा.”

तिने हात आत घातला. हाताला ताटली लागली. तिने डोळे मिटले, कारण बोक्याचं ते लाल कडं तिला दिसलं, आणि मिटल्या डोळ्यांनीच ताटली बाहेर काढली.

मग तिने एक डोळा उघडला.

ताटली भरली होती. भरली म्हणजे काय, ओसंडली होती! सोनेरी पिवळ्या ठिपक्यांची इतकी दाटी, की ठिपक्यावर ठिपका, मध्ये तीळभर जागा नाही. जत्रेत उभं राहायला जागा मिळू नये तसे एकमेकांच्या खांद्यावर चढलेले जंतू, गुटगुटीत, तुकतुकीत, पोटभर जेवलेले.

“जगले!” ती किंचाळली. “मॅडम, जगले! बघा ना किती घाणेरडी आहे! किती सुंदर घाणेरडी ताटली आहे!” आणि ताटली दोन्ही हातांत धरून ती जागच्या जागी उड्या मारायला लागली.

“झाकण!” बुरशीवाला ओरडला. “झाकण धर, साबणवडी, झाकण!”

तिने झाकण घट्ट धरलं आणि उड्या चालू ठेवल्या.

डॉक्टरांनी दोन्ही ताटल्या शेजारी शेजारी धरल्या. एक रिकामी, एक गच्च. बराच वेळ पाहिल्या. खिडकीशी नेऊन पाहिल्या. मग त्यांच्या थकलेल्या चेहऱ्यावर एक रेघ उमटली आणि हळूहळू वर सरकत गेली.

“हे प्रयोगशाळेतले पाळलेले जंतू,” ते म्हणाले. “सोमवारी मी वॉर्डातले आणून देतो, जखमांवरून घेतलेले. ते याहून बेकार आहेत. हट्टी, चिकट, कशाला न बधणारे.”

“आणा!” ती म्हणाली, कोणी पेढ्यांचा पुडा आणतो म्हणावं तशी. “सगळ्यात वाईट असतील ते आणा!”

“लगेच कोणाच्या जखमेवर नाही लावायचं हं,” मॅडम मध्येच म्हणाल्या. “आधी ताटल्यांवर. मग पट्टीत घालून. मग पुन्हा, आणि पुन्हा. वेळ लागेल.”

“लागू दे,” डॉक्टर म्हणाले. “जंतू कुठे जात नाहीत.” आणि जाताना त्यांनी बुटांची वेष्टणं काढून तिच्याच हातात ठेवली, आणि आनंदाच्या भरात तिने तीही घेतली.

त्यांच्या पाठोपाठ बुरशीवाला आपल्या जुन्या, दाटीवाटीच्या टेबलाकडे परतला. “एक कोपरा तरी दे गं,” तो म्हणाला. तिने तिथल्या तिथे टेबलावर खडूने रेघ मारून त्याला कोपरा दिला, खिडकीकडचा.

घरी पोचली तर दारातच बोका बसला होता. आजीची चप्पल त्याने कुठून तरी मिळवली होती आणि तिचा पट्टा मन लावून चघळत होता. वर बघून हसला. पट्ट्यावरून लाळेची तार लोंबत होती.

तिचा उजवा हात खाली गेला, शिवणीवर थडकला. डावा गेला, थडकला. ती तशीच उभी राहिली, दोन्ही हात शिवलेल्या खिशांवर, आणि पोटातून कुठून तरी हसू वर यायला लागलं.

“काय गं, जगले का?” आतून सासूबाईंनी विचारलं.

“जगले, आई! गच्च भरली!”

“मग आण इकडे, खिसे उसवून देते.”

तिने खाली बसून बोक्याच्या तोंडातून पट्टा हलकेच काढून घेतला. त्याने भोकाड पसरायच्या आत त्याच्या हातात स्वतःचं बोट दिलं. ते त्याने लगेच तोंडात घातलं. बोट सकाळपासून किती वेळा धुतलं होतं, हे तिला आठवेना.

“राहू द्या,” ती म्हणाली. “अजून थोडे दिवस असूच द्या शिवलेले.”